बिल्ड फाइल न सापडणे

वेबसाइट किंवा वेब ॲप उभे करताना काही फाइली माणूस लिहितो, तर काही दुसऱ्या प्रोग्रामकडून लिहून घेतल्या जातात. डेटाबेसच्या आराखड्यावरून तयार होणारा क्लायंट कोड, प्रोटोबफच्या वर्णनावरून निघणारे टाइप, टाइपस्क्रिप्टपासून बनलेली जावास्क्रिप्ट या सगळ्या जनित फाइली. अशी फाइल अपेक्षित जागी नसल्यामुळे बिल्ड थांबते किंवा सर्व्हर सुरूच होत नाही, तो बिघाड या नोंदीचा विषय आहे. त्याचे संदेश कामातल्या माणसाच्या ओळखीचे असतात. नोड म्हणते मॉड्यूल सापडत नाही, लारावेल म्हणते व्हीटचे मॅनिफेस्ट सापडले नाही, नेक्स्ट-जेएस म्हणते आधी बिल्ड करा. बहुतेक संदेशांत फाइलचेच नाव असते, म्हणून पहिला हातही फाइलकडेच जातो: सहकाऱ्याच्या मशीनवरून ती मागवायची, जागेवर ठेवायची आणि पुढे जायचे. ही सवय घातक आहे. जनित फाइल एका पायरीतून निपजते. ती दिसत नाही याचा अर्थ ती पायरी चाललीच नाही, अर्ध्यावर थांबली, भलत्याच फोल्डरात लिहून गेली किंवा तिने लिहिलेले नंतर कुणी पुसले. हाताने ठेवलेली फाइल यातले काहीच दुरुस्त करत नाही. आराखडा बदलला की ती शिळी होते, आणि शिळी फाइल गैरहजर फाइलपेक्षा शोधायला अवघड.

पायरी आणि फाइल यांचे नाते लिहून ठेवण्याची सोय जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये केलेल्या ‘मेक’ या साधनात प्रत्येक लक्ष्य-फाइलसोबत ती कशावर अवलंबून आहे आणि कोणत्या आज्ञेने बनते हे नोंदवावे लागते. वेबच्या जगात हे नाते बऱ्याचदा कुठेच लिहिलेले नसते. ते इन्स्टॉलनंतर आपोआप चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टच्या भरवशावर सोडलेले असते. प्रिझ्मा या साधनाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा क्लायंट कोड वर्षानुवर्षे पॅकेज इन्स्टॉल होताना आपोआप बनत आला. पण व्हर्सेलसारखी होस्टिंग सेवा आधीच्या बिल्डमधली पॅकेजे कॅशमधून उचलते. मग इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट चालत नाही आणि क्लायंट जुनाच राहतो. पीएनपीएम या पॅकेज-व्यवस्थापकाच्या दहाव्या आवृत्तीने २०२५ च्या सुरुवातीला सुरक्षेसाठी अवलंबित पॅकेजांच्या अशा स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवल्या. दोन्ही ठिकाणी ॲपचा कोड एका अक्षराने बदललेला नसतो. कुणीही न लिहिलेली अपेक्षा तेवढी मोडते. जनरेट करण्याची आज्ञा बिल्डच्या आज्ञेत उघडपणे आधी लिहिली की ही दोन्ही कारणे एकदम मिटतात.

टाइपस्क्रिप्टच्या वाढीव बिल्डमध्ये याच दोषाचे वेगळे रूप दिसते. कोणती फाइल आधी तयार झाली याची टिपणी कंपायलर एका बिल्ड-माहिती फाइलमध्ये ठेवतो. कुणी आउटपुटचा फोल्डर पुसला आणि ही टिपणी मात्र बाहेर शिल्लक राहिली, तर कंपायलर सर्व काही अद्ययावत मानतो, एकही फाइल लिहीत नाही आणि चूकही दाखवत नाही. नेस्ट-जेएसच्या प्रकल्पांत मुख्य फाइल सापडत नसल्याची तक्रार पुष्कळदा इथून निघते. लारावेलमध्ये बिल्डचा फोल्डर मुळातच गिटमधून वगळलेला असतो, त्यामुळे फक्त कोड ओढून घेणाऱ्या सर्व्हरवर मॅनिफेस्ट येण्याचे कारणच नाही.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांचा दाखला घेतला की दोष किती शांतपणे लपतो ते कळते. अमरावतीचे १४ तालुके, अकोल्याचे ७. प्रत्येक तालुक्याचे एक पान एका यादीवरून जनरेटरने बनवायचे आहे असे धरू. यादीत २१ नोंदी, फोल्डरात २० पाने, आणि बिल्ड यशस्वी! जनरेटर तालुक्याच्या नावातला पहिलाच शब्द फाइलला देत असेल तर चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार यांना एकच नाव मिळते आणि नंतरचे पान आधीच्याला पुसते. अंजनगाव सुर्जी, नांदगाव खंडेश्वर, धामणगाव रेल्वे ही दोन शब्दांची नावे मात्र सुखरूप पार पडतात, म्हणून त्यांच्यावर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. इथे हरवलेले पान हाताने लिहून टाकणारा पुढच्या बिल्डला पुन्हा तिथेच येतो. मूर्तिजापूरची गत निराळी: रेल्वे स्थानकाच्या रोमन नावात ‘झेड’ आहे, इतरत्र ‘जे’ही लिहितात. पान एका नावाने बनले आणि दुवा दुसऱ्या नावाने दिला, तर फाइल असूनही सापडत नाही. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक तालुक्याला स्वतःचा क्रमांक आहे. फाइलचे नाव त्यावरून काढणे हा यावरचा टिकाऊ इलाज, कारण क्रमांकाचे स्पेलिंग बदलत नाही.

देवनागरी नावे थेट फाइलला दिली तर आणखी एक पेच येतो, आणि या जिल्ह्यांच्या प्रदेशाच्या ‘वऱ्हाड’ या नावातच तो आहे. युनिकोडमध्ये त्यातला ऱ एका संकेतांकाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. काही कळफलक र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर तिन्ही रूपे जवळजवळ सारखीच दिसतात. ॲपलच्या सध्याच्या फाइल व्यवस्थेत पहिली दोन रूपे एकच मानली जातात, म्हणून तिथे बिल्ड चालते. लिनक्स सर्व्हर बाइट जुळवून पाहतो आणि फाइल नाही म्हणतो. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांना एकत्र आणते, तिसऱ्याला आणत नाही. रोमन नावांत मोठ्या-लहान अक्षरांचा घोळ याच जातीचा: विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

पायरी लिहून ठेवण्याच्या आग्रहाविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप असा की जनित फाइली गिटमध्येच ठेवाव्यात, म्हणजे प्रश्नच उरत नाही. गो भाषेने २०१४ मध्ये जनरेट करण्याची आज्ञा आणली तेव्हा हीच वाट घेतली: बिल्ड ती आज्ञा स्वतःहून चालवत नाही, लेखकाने ती चालवून फाइली रिपॉझिटरीत टाकायच्या. लायब्ररी वापरणाऱ्याकडे जनरेटर असेलच असे नाही, म्हणून ती भूमिका समंजस आहे. पण ती पायरी लिहून ठेवण्यातून सुटका देत नाही. सामायिक बिल्ड-सर्व्हरवर फाइली पुन्हा जनित करून ठेवलेल्या फाइलींशी फरक तपासला, आणि फरक दिसताच बिल्ड पाडले, तरच त्या ठेवण्याला अर्थ राहतो. दुसरा आक्षेप व्यवहारातला: पॅकेजांचा फोल्डर पुसून पुन्हा इन्स्टॉल केले की बहुधा चालते, मग कारण कशाला शोधायचे? चालते हे खरे, कारण इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट पुन्हा चालते. म्हणजे या उपायाच्या यशातच कारण सापडते. ते नोंदवले नाही तर पुढच्या कॅशला तोच प्रसंग. तिसरा आक्षेप लहान चमूंचा असतो: कोऱ्या मशीनवर प्रत्येक वेळी बिल्ड करण्याइतका वेळ आणि डेटा कुणाकडे आहे? तो रास्त आहे, पण सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी गिटहबची बिल्ड-यंत्रे विनामूल्य आहेत, आणि कोरे मशीन घरातच असले पाहिजे असे नाही.

तपासाचा क्रम यावरूनच ठरतो. आधी नव्या फोल्डरात रिपॉझिटरी क्लोन करून लिहिलेल्या आज्ञाच तेवढ्या चालवाव्यात. तिथे फाइल बनली नाही तर पायरी लिहायची राहिली आहे. बनली, पण सर्व्हरवर नाही, तर वगळण्याच्या याद्या पाहाव्यात: गिटची, डॉकरची आणि एनपीएमची. एनपीएमला स्वतःची यादी मिळाली नाही तर ते गिटची यादी वापरते, त्यामुळे पॅकेज प्रकाशित होते आणि त्यात नेमका आउटपुटचा फोल्डर नसतो. प्रॉडक्शन म्हणून इन्स्टॉल केल्यास विकासापुरती पॅकेजे गाळली जातात, आणि जनरेटर बहुधा त्यांतच असतो. सर्वांत शेवटी नावांचे बाइट तपासावेत. जनरेटर आपला स्वतःचा असेल तर त्याने किती नोंदी वाचल्या आणि किती फाइली लिहिल्या हे छापावे, आणि आकडे जुळले नाहीत तर चूक म्हणून थांबावे. चांदूरचे पान पहिल्याच दिवशी सापडले असते.

एक प्रकार या विवेचनाच्या बाहेर राहतो. व्हीटसारखी साधने फाइलच्या नावात मजकुरावरून काढलेला हॅश घालतात. नवी आवृत्ती चढवताना जुन्या फाइली पुसल्या, तर आधीपासून पान उघडून बसलेल्या वाचकाचा ब्राउझर जुन्या नावाची फाइल मागतो आणि ती मिळत नाही. इथे पायरी चाललेली असते, लिहिलेलीही असते. जुन्या फाइली काही काळ सर्व्हरवर राहू देणे, किंवा व्हीट अशा वेळी जो इव्हेंट देते तो ऐकून पान नव्याने लोड करणे, हे त्यावरचे उपाय आहेत.