क्रमांक आणि सही : 'सीडी युनिव्हर्स' प्रकरणाचा अन्वय

व्यवहारातील चिन्हांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. काही चिन्हे अमुक व्यक्ती कोणती हे सांगतात. काही चिन्हे त्या व्यक्तीची संमती दर्शवितात. नाव हे पहिल्या वर्गातील, तर सही ही दुसऱ्या वर्गातील होय. नाव जितक्या अधिक लोकांस ठाऊक असेल तितके ते उपयोगी पडते. सही मात्र दुसऱ्यास करता येऊ लागली की तिचे मोल संपते. हा भेद क्रेडिट कार्डाच्या क्रमांकाबाबत कसा पुसट होत गेला आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागली, याचा विचार १९९९ अखेरच्या एका चोरीच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम क्रमांकाची घडण पाहू. आरंभीचे अंक कार्ड देणाऱ्या बँकेचा निर्देश करतात, मधले अंक खातेदाराचा, आणि शेवटचा अंक हा केवळ ताळ्याचा असतो. हा ताळा काढण्याची रीत आय. बी. एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी शोधली. तिच्या पेटंटासाठी त्यांनी १९५४ मध्ये अर्ज केला व १९६० मध्ये ते मिळाले. एखादा अंक लिहिताना चुकला तर ताळा जमत नाही व चूक लगेच ध्यानात येते. म्हणजे ही योजना लेखनातील प्रमादांवरची आहे, लबाडीवरची नव्हे. व्याकरणदृष्ट्या शुद्ध असलेले वाक्य खरे असतेच असे नाही. तद्वत ताळा जमणारा क्रमांक सादर करणारा मनुष्य खातेदारच असेल असे मुळीच नाही.

१९५० मध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले आणि १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी सुमारे ६०,००० कार्डे वाटली, त्या काळी क्रमांक हे निव्वळ नाव होते. ग्राहक दुकानात उभा असे, कार्ड हाती असे, आणि पावतीवरील सही कार्डामागील सहीशी ताडून पाहता येई. पुढे टपालाने व दूरध्वनीवरून मागणी नोंदविण्याची प्रथा वाढली तेव्हा सही गळाली. क्रमांक सांगणे हेच संमती देणे ठरले. नावाकडे सहीचे काम आले ते असे, कोणी मुद्दाम न ठरविता, सोयीच्या ओघात.

१९९० नंतरच्या दशकात इंटरनेटवर दुकाने उघडली, ती याच पायावर. वाटेत क्रमांक कोणी चोरील ही त्या काळची मुख्य भीती होती. म्हणून ग्राहकाच्या संगणकापासून दुकानाच्या संगणकापर्यंतचा मजकूर गुप्तलिपीत बांधून पाठविण्याची सोय झाली. ती चांगली होती. पण तिने केवळ वाट राखली, कोठार राखले नाही. दुकानाच्या संगणकावर पोहोचलेले क्रमांक तेथेच साठत राहिले.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातून चालणारे 'सीडी युनिव्हर्स' हे संगीताच्या तबकड्या विकणारे असे एक दुकान होते. १९९९ च्या अखेरीस स्वतःस 'मॅक्सिम' म्हणविणाऱ्या एका इसमाने त्याच्या नोंदींतून सुमारे ३,००,००० कार्डांचे क्रमांक आपण घेतल्याचा दावा केला आणि गप्प राहण्याबद्दल १,००,००० डॉलर मागितले. पेढीने नकार दिला. तेव्हा नाताळच्या सुमारास त्याने एक संकेतस्थळ उघडून हजारो क्रमांक, नावे व पत्ते जगापुढे मांडले. जानेवारी २००० मध्ये ते स्थळ बंद पाडण्यात आले आणि वृत्तपत्रांतून हे प्रकरण गाजले. कार्ड देणाऱ्या संस्थांना ग्राहकांस नवी कार्डे, म्हणजे वस्तुतः नवी नावे, द्यावी लागली.

अशा चोरीचा भुर्दंड कोणावर पडतो हा कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने कार्डधारकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती मर्यादित झाली होती. चोरलेला क्रमांक वापरून दुसऱ्याच एखाद्या दुकानातून माल मागविला जाई. खरा खातेदार तक्रार करी. आणि सहीची पावती नसल्यामुळे बँक ती रक्कम त्या दुसऱ्या दुकानदाराकडून परत घेई. माल गेलेला, पैसाही गेलेला. ज्याच्या कोठारातून क्रमांक गेले तो वेगळा आणि ज्याने झीज सोसली तो वेगळा, अशी ही विषम वाटणी होती.

या ठिकाणी आपल्याकडील हुंडीच्या परिभाषेचे स्मरण होते. शहाजोग हुंडीचे पैसे पत असलेल्या माणसासच द्यावयाचे, नामजोग हुंडीचे त्यात नमूद केलेल्यासच. चौकशीचा भार पैसे चुकविणाऱ्यावर असे. पैसे चुकते झाले की हुंडीचा 'खोका' होई, म्हणजे तिची शक्ती संपे. कार्डाच्या क्रमांकाचा खोका कधीच होत नाही. एका खरेदीसाठी दिलेला क्रमांक पुढील शंभर खरेदींस तितकाच चालतो, आणि तो चोरीस गेला तरी मालकापाशीही असतोच. त्यामुळे चोरी लवकर कळतही नाही.

नंतरचे उपाय या दृष्टीने पाहिले असता त्यांत एक संगती आढळते. १ जुलै २००३ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने, नोंदी चोरीस गेल्यास संबंधितांस कळविणे पेढ्यांवर बंधनकारक केले. डिसेंबर २००४ मध्ये कार्ड कंपन्यांनी संयुक्त नियमावली काढली. कार्डावरील तीन वा चार अंकी पडताळणीचा आकडा व्यवहारास मंजुरी मिळाल्यानंतर साठवू नये, हा तीतील एक नियम होय. मुंबईहून रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांस, कार्डावर न दिसणाऱ्या माहितीवर आधारलेली जादा पडताळणी सक्तीची केली. हे म्हणजे नावापासून सही पुन्हा वेगळी काढणे होते. मोबाइलवर येणारा एकवेळचा आकडा तर वापरताच निरुपयोगी होतो. हुंडीच्या भाषेत त्याचा खोका होतो. त्याच बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने, दोष तिसऱ्याच पक्षाकडे असून ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याची जबाबदारी शून्य ठरविली. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांनी मूळ क्रमांक साठविण्यास मनाई झाली. त्याऐवजी त्या त्या दुकानापुरताच चालणारा पर्यायी आकडा, ज्यास टोकन म्हणतात, ठेवावा असे ठरले. तो एका दुकानातून चोरीस गेला तरी दुसरीकडे चालत नाही. त्यास नामजोग क्रमांक म्हणावयास हरकत नसावी.

तथापि एक उणीव राहतेच. एकवेळचा आकडा उच्चारता येतो, आणि जे उच्चारता येते ते गोड बोलून वदवून घेता येते. कोठाराऐवजी आता माणसाच्या तोंडातून आकडा काढून घेण्याचे प्रकार होतात, आणि तेथे 'आपण स्वतःच सांगितले' असे म्हणून झीज खातेदाराच्या माथी येते. उपरोक्त परिपत्रकातही ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेली रक्कम, तो बँकेस कळवीपर्यंत, त्यानेच सोसावी असे होते. परंतु भीतीने वा भुलवून वदविलेला आकडा ही संमती नव्हे. नाव आणि सही यांचा भेद करावयास अर्धशतक लागले. उच्चार आणि संमती यांचा भेद व्यवहाराच्या नियमांत स्पष्ट होणे आवश्यक आहे.