दत्तकपत्रांतील वारस आणि दप्तराबाहेरचें मूल

जुन्या वतनदार घराण्याचें दप्तर ज्यानें चाळलें आहे, त्याच्या हातीं एखादें दत्तकपत्र आलें नाहीं असें सहसा घडत नाहीं. देणाऱ्याचें नांव, घेणाऱ्याचें नांव, गोत्र, मिति, वतनाचा तपशील, खालीं साक्षी, असा त्याचा साचा असतो. या पत्रावरून वंशावळी जुळतात, वतनाचे तंटे उलगडतात व एखाद्या अज्ञात शाखेचा पत्ता लागतो. म्हणून संशोधकांनीं तीं जपलीं, हें योग्यच झालें. परंतु ज्याच्याकरितां तें पत्र लिहिलें गेलें, त्या मुलाचें पुढें काय झालें, त्याला कोणीं वाढविलें, हें त्यांत बहुधा नसतें. कारण दत्तकपत्र हें वारसाचें पत्र आहे, मुलाचें नव्हे. हा भेद आमच्या धर्मशास्त्रांत व राजनीतींत किती खोल रुजला होता आणि तो मोडावयास किती काळ लागला, हें थोडक्यांत दाखविण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. या विषयावर दोन निबंधकार मुख्य. एक ‘दत्तकमीमांसा’कार नंदपंडित व दुसरा ‘व्यवहारमयूख’कार नीलकंठभट्ट. दोघेही काशीचे, पैकीं नीलकंठाचें घराणें मूळचें पैठणचें. महाराष्ट्रांत मयूखास विशेष मान असल्यामुळें येथील रूढि पुष्कळ बाबतींत उदार राहिली. पतीची स्पष्ट अनुज्ञा नसतांही विधवेस दत्तक घेतां येई. विवाहित व पुत्रवान् पुरुषही दत्तक जाऊं शके. परंतु एका गोष्टींत दोघांचेंही एकमत होतें. पुत्र देण्याचा अधिकार मातापित्यांचा. दाता नाहीं तर दान नाहीं, आणि दान नाहीं तर दत्तक नाहीं. यावरून निघणारा निष्कर्ष विलक्षण आहे. ज्याचे आईबाप जिवंत आहेत तें मूल दत्तक जाऊं शके. ज्याला कोणीच उरलें नाहीं त्याला मात्र तें द्वार बंद. एकोणिसाव्या शतकांत मुंबई व मद्रास येथील वरिष्ठ न्यायालयांनीं हाच अर्थ उचलून धरिला. तीस वर्षांच्या गृहस्थास दत्तक जातां यावें आणि उघड्यावर पडलेल्या अर्भकास जातां येऊं नये, असा हा प्रकार होता.

राजसत्तेची दृष्टि याहून निराळी नव्हती. मराठेशाहींत वतनदारानें दत्तक घेतला म्हणजे सरकारची मंजुरी व त्याबद्दल नजर हा प्रश्न येई. इंग्रजी अमलांत याच मंजुरीचें शस्त्र झालें. ता. ५ एप्रिल १८४८ रोजीं साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब यांनीं मृत्यूच्या दिवशींच दत्तक घेतला. तो डलहौसीनें मानला नाहीं व राज्य खालसा झालें. नोव्हेंबर १८५३ मध्यें झांशीच्या गंगाधररावांनीं मृत्यूच्या आदल्या दिवशीं पांच वर्षांच्या आनंदरावास दत्तक घेऊन दामोदरराव असें नांव ठेविलें. खासगी मालमत्तेपुरता दत्तक मान्य, राज्यापुरता अमान्य, असा तेथें निवाडा झाला. सन १८६२ मध्यें कॅनिंगनें संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा देऊन हें धोरण फिरविलें. या प्रकरणावर लिहिलेले कागद अगणित आहेत. पण त्यांत सर्वत्र प्रश्न एकच, राज्य कोणाचें? दामोदररावांच्या बालपणाचा प्रश्न त्यांत नाहीं.

निराधार मुलांविषयीं त्याच सरकारनें काय केलें? सन १८५० च्या एकोणिसाव्या कायद्यानें अनाथ व गरीब मुलांस करारानें कारागिराच्या हाताखालीं उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय केली. त्यामुळें मुलास धंदा मिळाला असेल. घर मिळालें असें म्हणवत नाहीं.

घराचा विचार प्रथम खासगी माणसांनीं केला. सन १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. तेथें काशीबाई नामक ब्राह्मण विधवेस झालेला मुलगा त्यांनीं १८७४ मध्यें दत्तक घेतला. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत. सन १८८७ मध्यें जोतीरावांनीं मृत्युपत्र करून त्यास आपला वारस नेमिलें. भिन्न जातीचा दत्तक तत्कालीन न्यायालयांत टिकणें कठीण होतें, हें लक्षांत घेतां दत्तकपत्रावर विसंबून न राहतां मृत्युपत्राचा मार्ग धरण्यांत मोठी दूरदृष्टि होती, असें आम्हांस वाटतें. सन १८७५ मध्यें पंढरपूर येथें लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें अनाथ अर्भकांचा आश्रम निघाला व तो प्रार्थनासमाजानें चालविला. यात्रेच्या गांवीं सोडून दिलेल्या मुलांस तेथें आश्रय मिळाला.

यानंतर कायदा हळूहळू मागून आला. सन १८९० च्या कायद्यानें पालक नेमण्याची रीति ठरविली. पण पालकत्व म्हणजे पुत्रत्व नव्हे. सन १९२४ चा मुंबई मुलांचा कायदा निराश्रित व गुन्ह्यांत सांपडलेल्या मुलांकरितां झाला. सन १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें मुलगीही दत्तक घेण्यास योग्य ठरविली, जें मयूखानें नाकारिलें होतें. तसेंच मातापितर मृत असल्यास न्यायालयाच्या परवानगीनें पालकास मूल देतां येऊं लागलें. तथापि टाकून दिलेलें व मातापितर अज्ञात असलेलें मूल यांतूनही सुटलें होतें. तें १९६२ च्या दुरुस्तीनें आंत आलें. पंढरपुरचा आश्रम निघून तोंवर सत्त्याऐंशी वर्षें लोटलीं होतीं! सन २००० च्या बाल न्याय कायद्यानें, त्याच्या २००६ च्या दुरुस्तीनें व २०१५ च्या नव्या कायद्यानें धर्माचें बंधन न ठेवितां दत्तकाचा मार्ग खुला केला, मुलाचें हित हीच कसोटी मानिली आणि दत्तक न जाणाऱ्या मुलास दुसऱ्या कुटुंबांत तात्पुरतें वाढविण्याचीही तरतूद केली. दाता कोण, हा जुना प्रश्न मागें पडून मुलाला काय हवें, हा प्रश्न पुढें आला.

आतां संग्राहकांस एक विनंति. दत्तकपत्रें जपलीं गेलीं, कारण त्यांच्यामागें वतन होतें. अनाथगृहांच्या नोंदवह्यांमागें वतन नाहीं. म्हणून त्या रद्दींत जाण्याचा संभव अधिक. अर्भक कोणत्या दिवशीं आलें, अंगावर काय होतें, नांव कोणीं ठेविलें, कोणाच्या स्वाधीन केलें, अशा चार ओळींहून अधिक अस्सल पुरावा त्या मुलाजवळ दुसरा नसतो. दत्तक गेलेलें मूल मोठेपणीं आपलें मूळ शोधावयास निघालें, तर त्याचें सर्व दप्तर तेवढेंच. मात्र ही वही प्रसिद्ध करण्याची वस्तु नव्हे. कायद्यानें अशी माहिती गुप्त मानिली आहे आणि सभ्यताही तेंच सांगते. अशी वही कोणाच्या हातीं आल्यास ती विकूं नये, तिच्यांतील नांवें छापूं नयेत. ज्या संस्थेची असेल तिच्याकडे अथवा योग्य अधिकाऱ्याकडे ती सुरक्षित पोंचवावी.

आम्हीं आजवर कागद वंशाकरितां जपले. ज्याला वंश ठाऊक नाहीं, त्याच्याकरितांही कांहीं कागद जपणें हें संशोधकाच्या कर्तव्यांतच येतें.