युगोस्लाव प्रोग्रेसिव्ह रॉक : संघराज्य, ध्वनिमुद्रण-संस्था आणि संगीत (१९६८–१९८०)

नष्ट झालेल्या राज्याचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे एक विशेष अडचण उभी राहते. ते राज्य कसे संपले हे त्याला अगोदरच ठाऊक असते, आणि त्या शेवटाची छाया तो नकळत पूर्वीच्या प्रत्येक घटनेवर पाडू लागतो. युगोस्लाव्हियाच्या रॉक संगीतासंबंधीचे बरेचसे लेखन या दोषापासून मुक्त नाही. कोणास त्यात ‘बंधुता व ऐक्य’ या राजघोषणेचा पुरावा दिसतो, तर कोणास साम्यवादी सत्तेविरुद्धचे प्रच्छन्न बंड दिसते. तिसरा एक पक्ष असे मानतो की, ही सारी लंडनच्या संगीताची उशिरा पोहोचलेली नक्कल होती. प्रोग्रेसिव्ह रॉक या शाखेपुरता विचार केला तर तिन्ही मतांना थोडाबहुत आधार सापडतो. तथापि एकही मत पुराव्यांची पुरती संगती लावू शकत नाही. त्या संगीताची जडणघडण ज्या संस्थांच्या द्वारे झाली त्या संस्थांकडे या तिन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले आहे, हे त्याचे कारण होय.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. १९४८ साली स्टालिनशी संबंध तुटल्यानंतर युगोस्लाव्हियाने १९५० पासून उद्योगांत कामगारांच्या स्वयंव्यवस्थापनाची पद्धत स्वीकारली. १९६० च्या दशकात परदेशगमन सुलभ झाले, लक्षावधी कामगार पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया आदी देशांत गेले, आणि पाश्चात्य तबकड्या, वाद्ये व मासिके देशात येऊ लागली. पूर्व युरोपातील इतर राज्यांत ज्या संगीताकडे संशयाने पाहिले जाई ते येथे नभोवाणीवर वाजत होते. बेलग्रेडहून १९६६ साली ‘जूबोक्स’ हे रॉक संगीतास वाहिलेले मासिक निघू लागले. मध्यंतरी बंद पडून १९७४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. अर्थात राजकारण थांबले होते असे नाही. जून १९६८ मध्ये बेलग्रेडच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ ताब्यात घेतले, १९७१ मध्ये क्रोएशियातील राष्ट्रीय चळवळ मोडून काढण्यात आली, आणि १९७४ च्या राज्यघटनेने घटक प्रजासत्ताकांना व्यापक अधिकार दिले. प्रस्तुत संगीताचा उत्कर्षकाल याच तारखांच्या दरम्यान येतो.

या शाखेचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद संभवतो. साधारणपणे १९६८ साली बेलग्रेड येथे कोर्नेलिये कोवाच याने स्थापन केलेल्या ‘कोर्नी ग्रुपा’कडे बोट दाखविले जाते, आणि ते युक्तच आहे. कोवाचचा जन्म १९४२ मध्ये सर्बियातील निश येथे झाला. त्याचे संगीताचे शिक्षण सारायेवोत झाले. तेथील ‘इंडेक्सी’ या संचात तो ऑर्गन वाजवीत असे. ‘इंडेक्स’ म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थ्याची नोंदपुस्तिका. १९६२ मध्ये हा संच विद्यार्थ्यांनी उभारला होता, त्यावरून हे नाव पडले. या उगमाला महत्त्व आहे. युगोस्लाव प्रोग्रेसिव्ह रॉक हे प्राधान्येकरून शिकलेल्या नागर तरुणांचे संगीत होते. पाश्चात्य शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला कोवाच हा त्या वर्गाचा ठळक प्रतिनिधी म्हणता येईल.

कोर्नी ग्रुपाच्या गायकांची मालिका पाहिली म्हणजे संघराज्याचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. दादो तोपिच हा क्रोएशियातील ओसियेकच्या संगीतवर्तुळातून आला, झ्द्राव्को चोलिच सारायेवोचा, आणि त्याच्या मागून आलेला झ्लात्को पेयाकोविच पुन्हा ओसियेकचा. या माणसांना बेलग्रेडला आणण्यासाठी कोणत्याही शासकीय योजनेची गरज पडली नव्हती. उत्तम गळा हवा होता आणि तो जेथे सापडला तेथून आणला गेला. तोपिचने पुढे कोर्नी ग्रुपा सोडून झाग्रेब येथे १९७१ मध्ये ‘टाइम’ हा संच स्थापिला. १९७२ मध्ये निघालेली त्या संचाची पहिली तबकडी आजही या शाखेतील श्रेष्ठ कृतींत गणली जाते.

कोर्नी ग्रुपाचे संगीत दुहेरी होते. एकीकडे ‘त्र्ला बाबा लान’सारखी छोटी, खेळकर, हातोहात खपणारी गाणी, तर दुसरीकडे ‘पूत ना इस्तोक’ (पूर्वेकडील वाट) यासारख्या लांबलचक रचना, ज्यांत ऑर्गनचे आलाप, लयीतील आकस्मिक बदल आणि जाझची स्वरयोजना एकत्र येते. काही समीक्षकांनी पहिल्या प्रकारास पोटापाण्याचा धंदा आणि दुसऱ्यास खरी कला ठरविले. हा निवाडा घाईचा आहे. छोट्या गाण्यांच्या खपामुळे ध्वनिमुद्रण-संस्था दीर्घ रचनांचा तोटा सोसण्यास तयार होत असे. तेव्हा एकाच्या जिवावर दुसरी जगत होती असेच म्हणावे लागते.

या संचाची सर्वांत उद्बोधक कृती मात्र ‘१९४१’ ही होय. जर्मन आक्रमणाविरुद्धच्या उठावास तीस वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, म्हणजे १९७१ मध्ये, बेलग्रेडच्या नभोवाणी-दूरचित्रवाणी केंद्रासाठी ती रचण्यात आली. शब्द ब्रांको चोपिच या कवीचे होते. चोपिच स्वतः युद्धकाळात पार्टिझान सैन्यात लढला होता. गायनात झाग्रेबच्या योसिपा लिसाक हिचाही सहभाग होता. म्हणजे राज्याच्या स्थापनेची पवित्र कथा, ती सांगणारा त्या युद्धातील सैनिक-कवी, आणि संगीत मात्र विजेच्या गिटारचे व ऑर्गनचे! बंडाची उपपत्ती मांडणाऱ्यास येथे अडखळावे लागते. परंतु प्रचाराची उपपत्तीही टिकत नाही. कारण ही कृती तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध झाली ती १९७९ मध्ये, संच मोडून सुमारे पाच वर्षे लोटल्यावर. शासनाला ती प्रचारसाधन म्हणून खरोखरच मोलाची वाटली असती तर आठ वर्षांची ही दिरंगाई संभवली नसती. सत्य बहुधा असे असावे की, विषयाच्या मान्यतेमुळे संगीतकारांना दीर्घ रचनेसाठी वेळ, पैसा व स्टुडिओ मिळाला, आणि त्यांनी तो आपल्या हेतूसाठी वापरून घेतला.

युद्धाचा विषय कोवाचने १९७४ मध्ये पुन्हा हाताळला. त्या वर्षी ब्रायटन येथील युरोव्हिजन गीतस्पर्धेत कोर्नी ग्रुपाने ‘मोया गेनेरात्सिया’ (माझी पिढी) हे गीत सादर केले. युद्धाच्या ऐन मध्यात, १९४२ साली, जन्मलेल्यांची ती पिढी. म्हणजे कोवाचची स्वतःची. क्रमांक बारावा आला. इटलीत ध्वनिमुद्रित केलेली त्यांची इंग्रजी तबकडी त्याच वर्षी निघाली, पण परदेशात तिला अपेक्षित यश लाभले नाही, आणि वर्ष सरता सरता संच विसर्जित झाला.

कवितेशी असलेला संबंध हे या शाखेचे एक मुख्य लक्षण ठरते. इंडेक्सीने आपली पहिली स्वतंत्र दीर्घ तबकडी ‘मोद्रा रियेका’ (निळी नदी) १९७८ मध्ये काढली, म्हणजे स्थापनेनंतर सोळा वर्षांनी! तिचे नाव बोस्नियन कवी माक दिज्दार याच्या कवितेवरून घेतले आहे. बोस्नियाच्या माळरानांवर विखुरलेल्या मध्ययुगीन कोरीव थडग्यांपासून दिज्दारने आपली काव्यसृष्टी उभी केली होती. दावोरिन पोपोविच याच्या किंचित अनुनासिक, संयत आवाजात ती कविता ऐकताना रॉक संगीताची नेहमीची आक्रमकता पार विरघळून जाते. कवितेकडील हा ओढा निव्वळ सौंदर्यदृष्टीतून आला असे मानण्याचे कारण नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘शुंद’, म्हणजे हिणकस रंजन, ठरविलेल्या प्रकाशनांवर व तबकड्यांवर जादा कर बसविण्यात आला होता. मान्यवर कवीचे नाव अशा वातावरणात ढालीसारखे उपयोगी पडले असेल, हे अनुमान अप्रस्तुत नाही. तथापि केवळ ढाल म्हणून घेतलेली कविता इतक्या मनःपूर्वक गायिली जात नाही, हेही तितकेच खरे.

आता ध्वनिमुद्रण-संस्थांकडे वळू. झाग्रेबची ‘युगोतोन’ (१९४७) आणि बेलग्रेडच्या नभोवाणीशी संलग्न ‘पी.जी.पी.-आर.टी.बी.’ (१९५९) या दोन मोठ्या. पुढे ल्युब्ल्याना, सारायेवो आदी ठिकाणी आणखी निघाल्या. या सर्व समाजस्वामित्वाच्या असल्या तरी स्वयंव्यवस्थापनाच्या पद्धतीमुळे त्यांना आपला जमाखर्च आपणच सांभाळावा लागे, आणि म्हणून परस्परांशी स्पर्धाही करावी लागे. तिचा परिणाम कुतूहलजनक आहे. बेलग्रेडच्या ‘यू ग्रुपा’ची पहिली तबकडी (१९७३) झाग्रेबच्या युगोतोनने काढली. सर्बियातील क्रागुयेवात्स या मोटार-कारखान्याच्या गावी निपजलेल्या ‘स्माक’ची पहिली तबकडी (१९७५) निघाली ती ल्युब्ल्यानाच्या नभोवाणीच्या संस्थेकडून. उलट ल्युब्ल्यानाच्या ‘बुल्दोझेर’ची पहिली तबकडी त्याच वर्षी बेलग्रेडहून बाहेर पडली. सारायेवोच्या ‘बियेलो दुग्मे’चा नेता गोरान ब्रेगोविच याला १९७४ मध्ये स्थानिक ‘दिस्कोतोन’ने थांबावयास सांगितले, तेव्हा तो युगोतोनकडे गेला, आणि दिस्कोतोनच्या हातून देशातील सर्वाधिक लोकप्रिय संच निसटला. १९७४ च्या घटनेने राजकीय सत्ता प्रजासत्ताकांत वाटली जात असतानाच बाजार मात्र त्यांच्या सीमा ओलांडीत होता. ऐक्य असलेच तर ते घोषणेत होते त्यापेक्षा या व्यवहारात अधिक होते.

या संस्थांच्या स्वातंत्र्याची मर्यादा कोठे होती ते बुल्दोझेरच्या उदाहरणावरून कळते. बोरिस बेले आणि मार्को ब्रेत्सेल यांच्या या संचाची ‘प्ल्युनी इस्तिनी उ ओची’ (सत्याच्या डोळ्यांत थुंका) ही तबकडी उपहास, विडंबन आणि गुंतागुंतीचे वादन यांचे अजब मिश्रण आहे. तिचे वेष्टनही वृत्तपत्राच्या धर्तीवर सजविले होते. गीते मातृभाषा स्लोव्हेनीत न लिहिता सर्बो-क्रोएशियनमध्ये लिहिली होती. आपला उपहास साऱ्या देशाला कळावा, हा त्यातील हेतू उघड आहे. पहिली आवृत्ती संपल्यावर प्रकाशकाने दुसरी काढण्याचे टाळले, आणि संचाची पुढील तबकडीही नाकारली. ती ‘हेलिदोन’ या स्लोव्हेन संस्थेने १९७७ मध्ये काढली. तिचे नाव होते ‘झाब्रान्येनो प्लाकातिराती’, अर्थात ‘येथे जाहिराती चिकटवू नयेत’. येथे न्यायालय नाही, बंदीहुकूम नाही. आहे ती एका संपादकमंडळाची सावधगिरी. आणि एका गावच्या सावधगिरीवर दुसऱ्या गावची धंद्याची निकड मात करू शकत होती. युगोस्लाव नियंत्रणाचे हे स्वरूप मॉस्को वा प्रागच्या मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

नक्कलीचा आक्षेप उरतो. आरंभीच्या काळात इंग्रजी संचांचे अनुकरण झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु यू ग्रुपातील येलिच बंधूंनी बाल्कन लोकधुनींना जड गिटारच्या ठेक्यावर बसविले, आणि स्माकच्या रादोमिर मिहायलोविच याने (‘तोचाक’, म्हणजे ‘चाक’, या नावानेच तो ओळखला जातो) गिटारमधून ग्रामीण वाद्यांची वळणे काढली. तेथे अनुकरणाची कक्षा ओलांडली गेली. स्माकच्या पहिल्या तबकडीची एक संपूर्ण बाजू ‘पूत ओद बालोना’ या एकाच रचनेने व्यापली आहे. या प्रयत्नाची परिणती स्कोप्येच्या ‘लेब इ सोल’मध्ये (भाकरी आणि मीठ) झाली. १९७६ मध्ये व्लात्को स्तेफानोव्स्की या गिटारवादकाभोवती जमलेल्या या संचाने मॅसिडोनियाच्या विषम तालांना जाझ-रॉकचा पाया बनविले. तेथील लोकनृत्यांत सात मात्रांचा ३-२-२ असा ठेका रूढ आहे. रूपक तालाची विभागणी ज्यांच्या कानात आहे त्यांना हा हिशेब सहज उमगेल. मात्र त्याची गती नाचाऱ्याच्या पायाची असते, त्यामुळे परिणाम अगदी निराळा होतो. इंग्रजी प्रोग्रेसिव्ह संच विषम ताल बुद्धीच्या बळावर रचीत. स्कोप्येच्या तरुणांना ते लग्नसमारंभांत ऐकूनच ठाऊक होते.

या उत्कर्षाचा शेवट युद्धाने केला नाही, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे संच वारंवार विस्कळीत होत. वाद्ये आणि यंत्रसामग्री परदेशातून महाग पडे. आणि मुख्य म्हणजे श्रोत्यांची रुची बदलली. २८ ऑगस्ट १९७७ रोजी बेलग्रेडच्या हायदुच्का चेस्मा येथे बियेलो दुग्मेच्या विनामूल्य मैफलीस लोटलेला प्रचंड जनसमुदाय वीस मिनिटांच्या ऑर्गनवादनासाठी आला नव्हता. १९७९ मध्ये हेस्सेच्या कादंबरीचे नाव धारण करणाऱ्या ‘इग्रा स्ताक्लेनिह पेर्ली’ची पहिली तबकडी निघाली, तेव्हा ल्युब्ल्यानात पंक संगीत मूळ धरून चुकले होते. मे १९८० मध्ये टिटोचे निधन झाले. १९८१ च्या ‘पाकेत आरांझ्मान’ या बेलग्रेडच्या तीन नव्या संचांच्या संयुक्त तबकडीत गाणी आखूड होती, आणि विषय होता शहरातील आजचा दिवस. पार्टिझान युद्ध, मध्ययुगीन थडगी, निळ्या नद्या हे सारे त्या पिढीस वडीलधाऱ्यांचे सामान वाटले. राज्य मोडण्यापूर्वी एक दशकच या संगीताचा काळ सरला होता. त्यामुळे राज्याच्या अंताचे भाकीत त्यात शोधणे व्यर्थ आहे.

१९९१ नंतर मात्र राज्याच्या विघटनाचा या वारशावर फार विचित्र परिणाम झाला. युगोतोनचे रूपांतर ‘क्रोएशिया रेकॉर्ड्स’मध्ये झाले, आणि बेलग्रेडच्या संस्थेनेही नाव पालटले. त्यामुळे बेलग्रेडच्या यू ग्रुपाची मूळ मुद्रिते झाग्रेबच्या वारशात गेली, तर स्कोप्येच्या लेब इ सोलची पहिली तबकडी बेलग्रेडच्या. दावोरिन पोपोविच २००१ मध्ये सारायेवोत निवर्तला. कोवाच २०२२ मध्ये बेलग्रेडला. ज्या विद्यार्थ्यास या संगीताचा पुरा इतिहास मूळ साधनांवरून लिहावयाचा असेल त्याला आता बेलग्रेड, झाग्रेब, ल्युब्ल्याना, सारायेवो आणि स्कोप्ये अशा पाच राजधान्यांच्या दप्तरखान्यांत जावे लागेल, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या हाती येणाऱ्या तबकड्यांपैकी कितीतरी दुसऱ्या गावच्या असतील.