टिकाऊ आणि बंद जोडणी (एचटीटीपी)

ब्राउझर, मोबाइल ॲप किंवा कर्लसारखे साधन हे वेब क्लायंट होत. क्लायंटने सर्व्हरशी उघडलेली टीसीपी जोडणी पहिला प्रतिसाद मिळाल्यावरही पुढच्या विनंतीसाठी खुली ठेवली, तर तिला टिकाऊ जोडणी म्हणतात. प्रतिसाद संपताच जोडणी तोडली, तर ती बंद जोडणी. मजकूर दोन्हींत तोच येतो. फरक पडतो तो लागणाऱ्या वेळात, दोन्हीकडच्या यंत्रांवर येणाऱ्या भारात आणि मध्येच काही बिघडले तर ते सावरण्याच्या रीतीत.

इतिहास : एचटीटीपी १.० चे वर्णन करणारा आरएफसी १९४५ हा दस्तऐवज मे १९९६ मध्ये निघाला. त्यातील रिवाज एका विनंतीला एक जोडणी असा होता. पान म्हणजे नुसता मजकूर होता तोवर हे चालून गेले. पण पानावर दहा चित्रे आली की अकरा जोडण्या उघडाव्या लागत. वेंकट पद्मनाभन आणि जेफ्री मोगल यांनी १९९४ मध्येच या अपव्ययाकडे लक्ष वेधले होते, आणि १९९५ च्या निबंधात मोगल यांनी टिकाऊ जोडणीची बाजू सविस्तर मांडली. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने नियम उलटा केला. जोडणी टिकणार हे गृहीत. जिला तोडायची आहे त्या बाजूने ‘कनेक्शन: क्लोज’ हे हेडर पाठवून तसे सांगायचे.

वेळेचा हिशेब : क्लायंट ते सर्व्हर आणि परत, अशा एका फेरीला १०० मिलिसेकंद लागतात असे धरू. नव्या जोडणीत टीसीपीच्या ओळखीला एक फेरी, टीएलएस १.३ च्या कूटबद्धीकरणाला एक आणि प्रत्यक्ष विनंतीला एक, असे किमान ३०० मिलिसेकंद जातात. जोडणी आधीच खुली असेल, तर १०० पुरतात. शिवाय नवी टीसीपी जोडणी वाटेचा अंदाज घेत सावकाश वेग वाढवते. वापरातल्या जोडणीने तो अंदाज आधीच घेतलेला असतो.

संदेशाचा शेवट : जोडणी तोडणे हीच पूर्वी अनेकदा मजकूर संपल्याची खूण असे. त्यामुळे फाइल पूर्ण आली की मध्येच तुटली, हे क्लायंटला खात्रीने कळत नसे. टिकाऊ जोडणीत शेवट स्पष्ट सांगावाच लागतो. ‘कंटेंट-लेंग्थ’ हेडरमध्ये एकूण बाइट दिले जातात, किंवा मजकूर तुकड्यांनी पाठवून शून्य लांबीच्या तुकड्याने समाप्ती कळवली जाते. क्लायंटनेही प्रतिसाद शेवटपर्यंत वाचायला हवा, एचटीटीपी १.१ मध्ये न वाचलेले बाइट मागे राहिले, तर ती जोडणी पुढच्या विनंतीला वापरता येत नाही.

शिळ्या जोडणीचा धोका : सर्व्हर रिकामी जोडणी अनंत काळ सांभाळत नाही. ही मुदत अपाचेमध्ये मुळात ५ सेकंद असते, तर एनजिनएक्समध्ये ७५. सर्व्हर जोडणी मिटत असतानाच क्लायंटने विनंती धाडली, तर त्रुटी येते आणि विनंती पोहोचली की नाही हे समजत नाही. वाचनाची ‘गेट’ विनंती अशा वेळी निर्धास्त पुन्हा पाठवता येते. ‘पोस्ट’ मात्र आपोआप पुन्हा पाठवू नये. ती पैसे भरण्याची असेल, तर एकाच माणसाच्या खात्यातून दोनदा रक्कम जाऊ शकते. टिकाऊ जोडणी वापरणाऱ्या प्रोग्रामरची सर्वांत मोठी जबाबदारी हीच आहे.

निवड : एखादीच विनंती करून संपणाऱ्या स्क्रिप्टला बंद जोडणी पुरते. एकाच सर्व्हरला वारंवार विचारणाऱ्या प्रोग्रामला ती महागात पडते. जी बाजू आधी जोडणी मिटते, तिच्याकडे लिनक्सवर त्या जोडणीचा पोर्ट सुमारे ६० सेकंद ‘टाइम-वेट’ अवस्थेत अडकतो. तात्पुरत्या पोर्टांचा मूळ साठा सुमारे २८,००० असतो. म्हणून एकाच सर्व्हर-पोर्टकडे सेकंदाला सुमारे ४७० पेक्षा जास्त जोडण्या सतत उघडून मिटणाऱ्या क्लायंटचे पोर्ट संपू शकतात. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत ‘सेशन’ वस्तू जोडण्यांचा साठा सांभाळते, नुसते ‘रिक्वेस्ट्स.गेट’ दर वेळी नवी जोडणी उघडते.

पुढील वाटचाल : एचटीटीपी १.१ मध्ये एका जोडणीवर प्रतिसाद रांगेनेच येतात, म्हणून ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण सहा जोडण्या ठेवतात. मे २०१५ च्या एचटीटीपी २ ने अनेक विनंत्या एकाच जोडणीवरून शेजारी-शेजारी नेल्या. जून २०२२ मध्ये प्रमाणित झालेली एचटीटीपी ३ टीसीपीऐवजी यूडीपीवरील क्विक वापरते. क्विकमध्ये जोडणीची ओळख आयपी पत्त्याशी बांधलेली नसून स्वतंत्र क्रमांकाने ठरते. त्यामुळे फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी तीच जोडणी पुढे चालू राहू शकते.