खिमा, भाकरी आणि टाको

मेक्सिकोहून आलेलं सामान बाहेर काढून ठेवायचं असं कुणी ठरवलं, तर मिरजगावातल्या कुठल्याही घराचं स्वयंपाकघर अर्धंअधिक रिकामं होईल. मिरची जाईल. मका जाईल. टोमॅटो जाईल, सोलापूरकडच्या बायका ज्याला अजून भेदरं म्हणतात. तिथून आणखी खाली दक्षिण अमेरिकेत उतरलं तर बटाटा आणि शेंगदाणाही गेला. म्हणजे ज्या शेंगदाण्याच्या चटणीवर आमच्या नगर-सोलापूरकडच्या माणसाचा एवढा जीव, तिच्यातला आपला म्हणता येईल असा एकटा लसूणच उरतो. ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेची, मलिक अंबरच्या मुलखाकडची. पण ती त्याच्याही तीन-चार हजार वर्षं आधी आली, त्यामुळे तिला आता परकी म्हणायची कुणाची छाती नाही.

तारखांकडे जरा बघा. मलिक अहमदने अहमदनगर वसवलं १४९० साली. १४९२च्या जानेवारीत स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य, ग्रॅनाडा, पडलं आणि त्याच वर्षी कोलंबस अमेरिकेला पोचला. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. १५२१ मध्ये बुरहान निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलला ठाणं उभारलं आणि त्याच साली कोर्तेसने मेक्सिकोची राजधानी जिंकली. पहिल्या निजामशहाच्या मुदपाकखान्यात मिरची नव्हतीच. त्याच सुमारास मांडूच्या सुलतानासाठी लिहिलेलं पाककृतींचं पुस्तक, 'निमतनामा', आज उपलब्ध आहे. त्यात समोसे आहेत, कबाब आहेत, मिरची नाही. शतकभराने अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही पदार्थांची मापं लिहिली. त्यात खिमा पुलाव आहे, तिखटपणा मात्र मिऱ्याचा. 'मिरची' हे नावसुद्धा आपण मिऱ्यावरूनच पाडलं. पाहुणी आली आणि घरमालकाचं नाव लावून बसली.

उलट दिशेनेही तेवढंच सामान गेलं, हे आपण विसरतो. कोलंबसाच्या १४९३च्या दुसऱ्या सफरीत गाईगुरं अटलांटिक ओलांडून गेली. त्याआधी त्या खंडावर गाय नव्हती, बैल नव्हता, म्हैस नव्हती. कांदा नव्हता, कोथिंबीर नव्हती, लिंबू नव्हतं. लिंबू आशियातून इराणमार्गे अरबांकडे गेलं, अरबांनी ते स्पेनला नेलं आणि स्पेनने मेक्सिकोला. लिंबू, लीमू, लीमून, लिमोन असं म्हणून बघा, अख्खा प्रवास जिभेवर येतो. तेव्हा आज जगभर मेक्सिकोचं म्हणून खाल्लं जातं ते 'बीफ टाको' उघडून बघितलं, तर मक्याची पोळी, मिरची आणि टोमॅटो त्यांचं, आणि गोश्त, कांदा, कोथिंबीर, लिंबू जुन्या जगाचं.

त्यांच्या पोळीची एक गोष्ट मात्र आपल्यापर्यंत पोचलीच नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर मुरवतात, धुतात आणि मग ओलाच वाटतात. त्यामुळे पीठ चिवट होतं, पोळी दुमडली तरी मोडत नाही. शिवाय मक्यात अडकून राहिलेलं नायासिन मोकळं होऊन अंगी लागतं. युरोपियनांनी मका नेला, चुना नेला नाही. पुढे स्पेन, इटली आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला, म्हणजे कातडी काळवंडून सोलली, पोट बिघडलं, माणसं भ्रमिष्ट झाली. यात आपल्यासाठीही एक धडा होता. १९६०च्या सुमारास डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी हाच आजार दख्खनमधल्या नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या माणसांत दाखवून दिला. भाकरीबरोबर थोडी डाळ, थोडं दूध, थोडं गोश्त असेल तर तो होत नाही. गरिबाच्या ताटातला स्वस्त गोश्ताचा तुकडा हा चैनीचा विषय कधीच नव्हता.

भाकरीवरून आठवलं. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली होती. तिला सगळे मिलो म्हणत. कर्जत तालुका म्हणजे कायमचा अवर्षणग्रस्त, त्यामुळे आमच्याकडे मिलो न खाल्लेलं घर सापडणं कठीण. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथे मिळणारी सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणायची आणि रात्री मिलोची भाकरी. अम्मी सांगायची, ती भाकरी थापताना कडेने फाटायची आणि तव्यावर विटेसारखी दिसायची. मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसाला हा अपमान वाटे. आज शहरात मेक्सिकन पदार्थ म्हणून काही आलं की लोक किती कौतुकाने खातात! अमेरिकेचं धान्य आमच्या आधीच्या पिढीने पन्नास वर्षांपूर्वी रांगेत उभं राहून खाल्लं होतं.

टाको हा शब्द तसा जुना नाही. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांचं म्हणणं असं, की मेक्सिकोच्या चांदीच्या खाणीत सुरुंगासाठी दारू कागदात गुंडाळत, त्या पुडीला टाको म्हणत आणि तिथून हे नाव पोळीच्या गुंडाळीला आलं. मजुराचं खाणं, मजुराचं नाव. तळून कडक केलेली घडी आणि आत गाईचा खिमा, हे रूप अमेरिकेतल्या मेक्सिकन वस्त्यांत घडलं आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टाको बेलने ते जगभर नेलं. लेबनॉन-सीरियाकडून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी तिथे शावरमाची सळई उभी केली. तिच्यावर पुढे डुकराचं मांस चढलं आणि त्याचं 'टाको अल पास्तोर' झालं. आपल्या वाचकांतल्या काहींना हे ऐकून कसंनुसं होईल, पण पदार्थ कुणाचा कलमा विचारून प्रवास करत नाहीत.

मला सगळ्यात जवळची वाटते ती कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीची हकिकत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून शेतमजुरीला गेलेले शीख, मुसलमान आणि थोडे हिंदू तिथे अडकून पडले. १९१३च्या कायद्याने जमीन घेता येईना, १९१७च्या कायद्याने बायकामुलं आणता येईनात. गोऱ्या बाईशी लग्नाला मनाई. मग शेकडोंनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, कारण नोंदणी करणाऱ्या कारकुनाला दोघांचाही रंग एकच दिसे. त्या घरांत रोटी आणि तोर्तिया एकाच तव्यावर भाजल्या गेल्या. अशाच एका पंजाबी-मेक्सिकन कुटुंबाचं 'रसूलचं एल रांचेरो' हे हॉटेल १९५४ मध्ये सुरू झालं आणि जवळपास चाळीस वर्षं चाललं. तिथली रोटी केसाडिया प्रसिद्ध होती. रोटीत चीज, कांदा आणि गाईचं शिजवून सुटं केलेलं मांस.

ही हकिकत मी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीला सांगत होतो. तिने घरात असेल त्यात झटपट बीफ टाको कसा करायचा याचा व्हिडिओ बघितला होता. ऐकून घेतल्यावर तिने आवाज खाली घेऊन विचारलं, ''मामू, बीफ म्हणजे आपलं बडंच ना? मग खोलीवर करू शकते का?'' घरात आम्ही दोघंच होतो, आणि तरी तिने आवाज खाली घेतला.

तिला जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण अर्धवट माहितीने माणूस जास्त घाबरतो. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी १९७६च्या कायद्यापासूनच आहे. बैल आणि वळू तेव्हा प्रमाणपत्र घेऊन कापता येत होते. १९९५ मध्ये विधिमंडळाने त्यांच्यावरही बंदी घालणारी दुरुस्ती मंजूर केली, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली ती थेट २०१५च्या फेब्रुवारीत. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कायदेशीर कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं, हे कलमही गेलं. म्हशीवर, रेड्यावर सरसकट बंदी नाही, प्रमाणपत्र लागतं. भारत 'बीफ' म्हणून जगाला जे विकतो आणि ज्यात आपण मोठ्या निर्यातदारांत गणले जातो, ते म्हशीचंच मांस आहे. म्हणजे बंदरातून जाताना ते परकीय चलन असतं आणि पोरीच्या डब्यात आलं की कुजबुज होते.

या कुजबुजीत गावाची जुनी वीण मात्र झाकली जाते. आमच्याकडे मराठ्यांच्या घरी जत्रेचा, नवसाचा बोकड असला की हलाल करायला मुलाणी बोलावला जाई. कित्येक गावांत अजून बोलावतात. बडं तर एकट्या मुसलमानांचं कधीच नव्हतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' वाचा. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांचा तो दस्तऐवज आहे, आणि त्यातल्या वाळवलेल्या चान्या आणि बकरी ईदनंतर आमच्या अंगणात दोरीवर वाळणारं गोश्त या सख्ख्या बहिणी आहेत. आणि बैल विकणारा शेतकरी बहुतेक हिंदूच. २०१२-१३ आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या, पण छावणी कायमची नसते. काष्टीच्या बाजारात थकलेला बैल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणी गिऱ्हाईक का मिळत नाही, हे तो आणि कुरेशी दोघंही जाणतात. दोघांचं नुकसान एकच, पण सभेत त्यांच्या बाजू वेगळ्या लावल्या जातात.

तर करण्याची रीत. अर्धा किलो म्हशीचा खिमा, ओळखीच्या दुकानातून. खिमा हा शब्द तुर्की 'कियमा'वरून आला, म्हणजे बारीक चिरलेलं. कढईत तेल, दोन कांदे लाल होईपर्यंत, मग आलं-लसूण, हळद, घरचा काळा मसाला. खिमा टाकून मोठ्या आचेवर परता, त्याचं पाणी सुटून आटू द्या. दोन टोमॅटो चिरून घाला, झाकण ठेवा. म्हशीचा खिमा बोकडापेक्षा जरा वेळ घेतो, म्हणून 'पंधरा मिनिटांत'वर विश्वास ठेवू नका, अर्धा तास धरा. शेवटी अगदी कोरडा करा, रस्सा राहिला तर गुंडाळी गळते.

ज्वारीची भाकरी दुमडली की मोडते, त्यामुळे इथे चपातीच बरी, तीसुद्धा शिळी आणि तव्यावर कडक केलेली. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझकडे शेंगदाणे आणि सुक्या मिरच्या तेलात परतून वाटतात, त्याला ते 'साल्सा माचा' म्हणतात. ती बाजारातून आणायची गरज नाही. शेंगदाण्याची चटणी डब्यात असतेच, तिच्यावर गरम तेल ओता.