दिनविशेष : ४ ऑगस्ट
सांगलीच्या बुद्धिबळपटू भाग्यश्री ठिपसे

सांगलीच्या बुद्धिबळपटू भाग्यश्री ठिपसे (पूर्वाश्रमीच्या साठे) यांचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ रोजी झाला. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या दशकावर वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींचे निर्विवाद वर्चस्व राहिले. त्यानंतर १९८५, १९८६, १९८८, १९९१ आणि १९९४ अशी पाच विजेतेपदे भाग्यश्री यांनी मिळवली, तर १९९१ मध्येच आशियाई अजिंक्यपदही त्यांच्याकडे आले. पद्मश्री आणि अर्जुन पुरस्काराने त्या सन्मानित आहेत.

त्या काळी निर्धारित वेळेत न संपलेला डाव तहकूब होत असे. ज्याची पाळी असेल तो खेळाडू आपली पुढची चाल पटावर न करता कागदावर लिहून लखोट्यात बंद करी आणि तो लखोटा पंचांच्या ताब्यात राही, त्यामुळे डाव पुन्हा सुरू होईपर्यंत खेळाडूंप्रमाणेच रसिकांनाही ती अज्ञात चाल शोधत घरच्या पटावर सोंगट्या मांडून बसता येई. संगणकाच्या आगमनानंतर ही पद्धत मागे पडली, हे अपरिहार्य असले तरी रसिकांच्या दृष्टीने मोठे नुकसानच म्हटले पाहिजे.

सांगलीत ही रसिकता रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने नूतन बुद्धिबळ मंडळाला आणि त्याचे आधारस्तंभ भाऊसाहेब पडसलगीकर यांना जाते. भाग्यश्री यांच्यानंतर याच शहरातून स्वाती घाटे पुढे आल्या व महिला ग्रँडमास्टर, म्हणजे केवळ महिलांसाठी असलेल्या किताबांपैकी सर्वोच्च किताबाच्या, मानकरी ठरल्या.