यमुनाकाठचा 'महाल'

"यंदा तरी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा," असं कार्यवाहांनी बजावलं, तेव्हा मी नेहमीप्रमाणे सुटका करून घेऊ पाहत होतो. मी पडलो डिप्लोमावाला रेल्वेचा माणूस; माझं लिखाण साइटच्या डायरीपुरतं. पण गेल्या वर्षी उत्सवात चौथ्या दिवशी हॉलमध्ये पडदा लावून 'महाल' दाखवला, आणि त्यावरून आमच्या घरी जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. तोच इथे मांडतो.

'महाल' १९४९ सालचा. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने काढलेला, कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. आपल्याकडच्या भुताळी वाड्यांच्या सिनेमांचा हा पूर्वज. आणि गोष्ट घडते कुठे? आपल्याच गावात! म्हणजे तेव्हाच्या अलाहाबादेत, यमुनेच्या काठी. हरिशंकर (अशोक कुमार) एका ओसाड वाड्यात राहायला येतो. म्हातारा माळी त्याला जुनी कथा सांगतो. वाडा बांधणारा मालक रोज मध्यरात्री कामिनीला भेटायला यायचा. एका रात्री त्याची नाव बुडाली. तो परत येईल म्हणून ती वाट पाहत राहिली आणि काही दिवसांत तीही गेली. एवढं ऐकून हरिशंकर वर जातो तर भिंतीवरची तसबीर खाली पडते, आणि तसबिरीत चेहरा त्याचाच! मग घड्याळाचे ठोके पडतात आणि दुरून गाणं ऐकू येतं.

ते गाणं म्हणजे 'आयेगा आनेवाला'. संगीत खेमचंद प्रकाशांचं, आवाज आपल्या लताबाईंचा. तेव्हा त्या विशीच्या आतबाहेर होत्या. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं, आणि आजच्यासारखी यंत्रं नव्हती. म्हणून त्यांना खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं आणि सुरुवातीच्या ओळी म्हणत हळूहळू माइककडे चालत यायला सांगितलं. लताबाईंनीच ही आठवण सांगितली होती. मला इंजिनिअर म्हणून याचं फार कौतुक वाटतं. आवाज लांब असला की भिंतींवरून आलेला जास्त ऐकू येतो, जवळ आला की सरळ आलेला. कानाला एवढंच पुरतं. जानेवारीच्या धुक्यात रात्री लाइनवर उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. गाडी दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि तो कुठल्या बाजूने येतोय ते क्षणभर कळत नाही. त्या क्षणी माझ्या अंगावर आजही काटा येतो. 'महाल'ने नेमका तोच क्षण पकडला आहे.

रेकॉर्डवर सुरुवातीला गायिकेचं नाव 'कामिनी' असं, पात्राचंच छापलं होतं. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं, तेव्हा खरं नाव जाहीर झालं. खेमचंद प्रकाश मात्र हे यश बघायला राहिले नाहीत. चित्रपट झळकण्याआधीच, ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांचं निधन झालं.

दुसरं बलस्थान छायाचित्रणाचं. कॅमेरामन होते योसेफ वीर्शिंग, जर्मनीहून आलेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून नजरकैद भोगून ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. पुढे अमरोहींच्या 'पाकीज़ा'लाही तेच होते. हलतं झुंबर, लांब सावल्या, झोपाळ्यावर बसलेली आणि पाहता पाहता नाहीशी होणारी मधुबाला! तिचं वय तेव्हा जेमतेम सोळा. चित्रपटाचं संकलन बिमल रॉय यांनी केलं होतं. त्यांनीच १९५८ मध्ये 'मधुमती' काढला, तेव्हा जुना वाडा आणि पुनर्जन्म पुन्हा पडद्यावर आले, ते उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट मला जाणवते. १९४९ साली फाळणीला दोनच वर्षं झाली होती. घरमालक निघून गेलेत, दाराला कुलूप आहे, आत सामान तसंच आहे, अशी घरं उत्तरेतल्या कित्येक प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. त्यांना त्या वाड्याची भीती वेगळी सांगावी लागली नसेल.

आता उणिवा. पूर्वार्ध जितका घट्ट, तितका उत्तरार्ध सैल. उलगडा होतो तो कोर्टात, जबान्यांमधून. भूतबित काही नव्हतं, ती माळ्याचीच मुलगी आशा, असं कळतं. बापाकडून ऐकलेल्या कथेच्या ती प्रेमात पडलेली असते. भुताऐवजी माणूस निघावा हे मला आवडलं. पण तसबिरीतल्या चेहऱ्याचं काय, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. आमच्या खात्यात असा चौकशी अहवाल दिला तर साहेब परत पाठवतील!

इथवर मी सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, "अहो, आणि त्या रंजनाचं काय?"

रंजना म्हणजे हरिशंकरची बायको. घरच्यांनी करून दिलेली. तिला घेऊन हा दूर रानात जाऊन राहतो, पण मन वाड्यातच. शेवटी ती विष घेते आणि मरताना आळ नवऱ्यावर ठेवते. चित्रपट तिच्याकडे अडचण म्हणून पाहतो; सगळी हळहळ हरिशंकरसाठी. मी म्हटलं, "तो काळच तसा होता." ती म्हणाली, "काळाचं सोडा. वीस वर्षं तुमच्याबरोबर चार बदल्या केल्या, साताऱ्याची शाळेतली नोकरी सोडली. आणि रोज जेवताना तुम्ही बोलता कशाबद्दल? गावच्या वाड्याबद्दल. तुमचाही महाल आहेच की!"

मला उत्तर सुचलं नाही. 'महाल'ची सर्वांत मोठी उणीव तिने दाखवली, ती मला इतक्या वेळा पाहूनही दिसली नव्हती. गेलेल्या घराच्या ओढीत सोबतचं माणूस दिसेनासं होतं, हे त्या चित्रपटाने दाखवलं खरं, पण त्याचं त्यालाच उमगलं नाही.

आमचा गणपती गावी, थोरल्या भावाकडे, वाड्यात बसतो. म्हणून इथे आम्ही कधी बसवला नव्हता. यंदा दादाला विचारून पहिल्यांदाच आमच्या क्वार्टरमध्ये दीड दिवसाचा गणपती बसवतो आहोत. मखर सौ.ने ठरवलंय, मी फक्त खिळे ठोकणार. सर्वांनी दर्शनाला अवश्य यावं.

गणपती बाप्पा मोरया!